चावी काढलीत, तेवढं चुकलं

वाचकाचं पत्र

"ताई, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. वय त्रेपन्न, नोकरी फोर्टात. मी मुळात भांडकुदळ नाही, पण आता झालेय असं घरचे म्हणतात.

सकाळी सातला निघते. गेटबाहेर पाऊल टाकलं की सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्या स्कूटर. महिन्यापूर्वी त्यातल्याच एकीचा आरसा माझ्या सासूबाईंच्या कोपराला लागला. नशीब, पडल्या नाहीत. लोकलमध्ये शेजारची बाई मोठ्या आवाजात रील्स बघते, एकाच गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा. संध्याकाळी परत यावं तर गेटच्या तोंडाशी कुणाची तरी गाडी, इंडिकेटर लावून, 'पाच मिनिटांत आलो'. वरच्या वहिनी कुंड्यांना पाणी घालतात ते माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. रात्री बाराला कुणाच्या तरी वाढदिवसाचे सुतळी बॉम्ब. आणि समोरच्या विंगमधला पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांची स्कूटर घेऊन ट्रिपल सीट क्लासला जातो, त्याची आई खिडकीतून टाटा करते.

मी बोलते. प्रत्येक वेळी बोलते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकते. परिणाम काय, तर माझं नाव 'हेडबाई' पडलंय. मागच्या आठवड्यात उलटा आलेल्या एका मुलाला अडवलं आणि रागाच्या भरात त्याच्या स्कूटरची चावी काढून घेतली. त्याने मला ढकललं. माणसं जमली, आणि त्यातली निम्मी त्याच्याच बाजूने बोलली! नवरा म्हणतो, सोडून द्यायला शीक. मुलगी म्हणते, आई, तू एक दिवस व्हायरल होशील. माझं चुकतंय का? की डोळे मिटून जगायचं?"

– एक वाचक, ठाणे

*

आधी चावीचं. पुन्हा कुणाच्याही गाडीची चावी काढू नका. तो अधिकार तुम्हाला नाही, आणि समोरचा कोण आहे, कुठून आलाय, कसल्या मनःस्थितीत आहे, यातलं काहीही तुम्हाला माहीत नसतं. ढकलण्यावर भागलं, हे थोडक्यात निभावलं. शिवाय त्या एका हालचालीने तुमची बाजूच उलटली बघा. मिनिटभरापूर्वीपर्यंत प्रश्न होता की हा उलटा का आला. चावी तुमच्या हातात आल्यावर प्रश्न झाला की या बाईंनी चावी का घेतली. जमलेली निम्मी माणसं त्याच्या बाजूने बोलली ती उलट्या गाड्यांवर त्यांचं प्रेम आहे म्हणून नव्हे. त्यांना भांडणाचा फक्त उत्तरार्ध दिसला.

तो प्रसंग सोडला तर तुमचं चुकलंय असं मला वाटत नाही. या सगळ्या गोष्टी त्रासदायक आहेतच, आणि त्यांचा त्रास होणं हे वय झाल्याचं लक्षण नाही. सासूबाईंच्या कोपराला आरसा लागूनही ज्याला काही वाटलं नाही, त्याची मला जास्त काळजी वाटली असती.

माझी तक्रार आहे ती तुमच्या यादीबद्दल. पत्र मी दोनदा वाचलं. कपड्यांवर पडणारं कुंड्यांचं पाणी आणि मागे दोन पोरं बसवून स्कूटर चालवणारा पंधरा वर्षांचा मुलगा, दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच आवाजात सांगितल्या आहेत. ग्रुपवरही तसंच होत असणार. सोमवारी कुंडीचा फोटो, मंगळवारी गाडीचा, बुधवारी जिन्याचा. गुरुवारी खरोखर कुणाच्या जिवावर बेतेल अशी गोष्ट तुम्ही सांगायला जाता, तेव्हा लोक नाव बघूनच पुढे सरकतात. 'हेडबाई' हे टोपणनाव तिथून आलं. तुम्ही खोटं काही बोलत नाही, फक्त सगळं सारख्याच जोरात बोलता.

म्हणून तोंड उघडण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: हे असंच चालू राहिलं तर कुणाचा जीव जाईल, की फक्त माझं डोकं उठेल? पहिल्या प्रकाराला सगळी ताकद लावायची. दुसऱ्या प्रकारातलं काही गोडीगुलाबीने सोडवायचं आणि काही चक्क सोडून द्यायचं. म्हणजे तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत. हे त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आता त्या मुलाकडे येऊ. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते त्याच्या आईच्या टाटाने.

आपल्याकडे गिअर नसलेली, ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने चालवता येते. बाकी सगळ्याला अठरा पूर्ण लागतात. घरोघरी उभ्या असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. पंधराव्या वर्षी तर यातलं काहीच बसत नाही. पालकांना हे साधारण माहीत असतं. त्यांना माहीत नसतं ते २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९९ अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. त्या घरात सगळ्यात आधी पोचेल ते हे शेवटचं. मुलगा इंजिनीअर होऊन नोकरीला लागेल आणि तरी रिक्षाच्या रांगेत उभा असेल.

त्याच कलमात एक पळवाटही आहे. मुलाने हे मला न कळत केलं, किंवा त्याला रोखण्यासाठी मी शक्य ते सगळं केलं, असं पालकाने सिद्ध केलं तर तो सुटू शकतो. खिडकीतून टाटा करणाऱ्या आईला हे सिद्ध करणं जड जाईल. आणि एकदा तुम्ही घरी जाऊन सांगितलंत की 'मला माहीतच नव्हतं' हे वाक्य त्या घरातून कायमचं गेलं. ही गोष्ट धमकी म्हणून वापरू नका. तुमच्या सांगण्याला किती वजन आहे ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

सांगायचं कसं? ग्रुपवर नाही. ग्रुपवर सांगितलं की दीडशे घरांसमोर त्या बाईंची आई म्हणून परीक्षा सुरू होते, आणि परीक्षेत कुणी कबुली देत नाही. "आमचा मुलगा जबाबदार आहे" असा उलट मेसेज येईल, खाली चार अंगठे पडतील, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी मुद्दाम हॉर्न वाजवत तुमच्या खिडकीखालून जाईल. त्यापेक्षा रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांच्या दारात जा. एकट्या जा, आणि शक्यतो आई-वडील दोघंही घरी असताना. "तुमचा मुलगा गुंड आहे" असा सूर नको, "तुमच्या मुलाची मला भीती वाटते" असाही नको. "त्याला काही झालं तर" इथून सुरुवात करा. कुणाच्याही आईला हे वाक्य अर्धवट कापता येत नाही.

त्या बहुतेक म्हणतील, "अहो, कोपऱ्यावरच तर क्लास आहे." म्हणू द्या. मग आकडा सांगा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. सगळी काही लांबच्या प्रवासाला निघाली नव्हती. पुण्यातलं कल्याणीनगरचं २०२४ च्या मे महिन्यातलं, अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला ते प्रकरण त्यांनाही माहीत असेल. गाडी आलिशान होती म्हणून ते गाजलं. स्कूटरवरच्या मुलाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

"मग क्लासला सोडायचं कुणी? आम्ही दोघं नोकरी करतो," असं त्या म्हणाल्या तर तो बहाणा समजू नका. बऱ्याच घरांत खरं कारण हेच असतं. पोरं तीन आहेत म्हणजे घरंही तीन आहेत. तिघांत मिळून रिक्षा लावता येते, आळीपाळीने सोडता येतं, क्लासची बॅच बदलता येते. हा तोडगा तुम्ही सुचवलात तर त्या घरात तुम्ही तक्रार घेऊन आलेली बाई राहत नाही. बाकीच्या दोन मुलांच्या आयांनाही या बोलण्यात घ्या, त्या तर आपला मुलगा मागे बसतो म्हणजे सुरक्षित आहे असं धरून चालल्या असतील.

एवढं करूनही महिनाभरात काही फरक पडला नाही तर कमिटीला लेखी द्या, आणि कमिटी ढिम्म असेल तर वाहतूक पोलिसांकडे जा. तेव्हा मनात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त एक जपा, गेटवरच्या वॉचमनला "त्याला अडव" असं सांगू नका. दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या माणसाने फ्लॅटमालकाच्या मुलाला अडवायचं आणि नंतर शिव्या खायच्या, हे आपल्या सोसायट्यांमध्ये सर्रास चालतं आणि मला ते अजिबात पटत नाही. नियम करायचा असेल तर कमिटीने करावा आणि कमिटीनेच सही करून गेटवर लावावा.

पहिल्या यादीतली दुसरी गोष्ट म्हणजे अर्थात उलट्या दिशेच्या स्कूटर. लोक याला 'जरा शॉर्टकट' म्हणतात. कायदा त्याला धोकादायक वाहन चालवणं म्हणतो. सिग्नल तोडणं, गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं आणि वाहतुकीच्या प्रवाहाविरुद्ध जाणं ही सगळी एकाच कलमात, १८४ मध्ये, एकमेकांना खेटून बसली आहेत. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद अशी तरतूद आहे. म्हणजे तुमचा राग कायद्याच्या पुस्तकालाही मान्य आहे.

आता एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. त्या स्कूटरवाल्यांना तुम्ही पत्रात 'बेशरम' म्हटलंय, वर मी ते वाक्य गाळलं. ली रॉस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये माणसाच्या एका खोडीवर बोट ठेवलं: दुसरा चुकला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो, त्याच्या परिस्थितीकडे बघतच नाही. आपल्या स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थिती लगेच आठवते. आपण उशीर केला तर ट्रॅफिक होता, दुसऱ्याने केला तर तो बेजबाबदार. घोडबंदर रोडची परिस्थिती तर तुम्ही रोज बघता. मेट्रोच्या कामाने वर्षानुवर्षं रस्ता अडवलेला, यू-टर्न कुठल्या कुठे, आणि पार्सल पोचवणाऱ्या मुलाच्या फोनवर मिनिटं उलटी मोजली जात असतात. तो उलटा येतो तेव्हा घाई त्याची असतेच असं नाही. कदाचित तुमच्याच विंगमधल्या कुणाच्या तरी भुर्जी-पावाची असते.

याने त्याचा गुन्हा माफ होत नाही. सासूबाईंच्या कोपराला कारण कळून काय उपयोग? पण उपाय मात्र बदलतो. पन्नास मुलांना एकेक करून शहाणं करायला तुम्ही जन्मभर पुरणार नाही. ती ज्या जागेवरून उलटी वळतात ती जागा एकच आहे. तिथे सकाळी सात ते नऊ एखादा वॉर्डन उभा राहिला, किंवा पादचाऱ्यांच्या बाजूला दुचाकी शिरू नये असे खांब बसले, तर पन्नासच्या पन्नास सरळ येतील, आणि त्यातल्या एकाचंही मन वळवावं लागणार नाही.

त्यासाठी काय करायचं ते सांगते. फुटपाथवर, सुरक्षित जागी उभं राहून फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे. रस्त्यावर उतरून नाही, आणि चालत्या गाडीसमोर तर नाहीच. महाराष्ट्र पोलिसांच्या वाहतूक ॲपवर नागरिकांना असे फोटो पाठवता येतात, तिथे टाका. पण त्याहून जास्त उपयोगी पडेल असा एक अर्ज करा: जागा नेमकी कुठली, वेळ कुठली, कुठल्या दिवशी काय झालं, सासूबाईंचा प्रसंग तारखेनिशी. भाषा कोरडी ठेवा. 'बेशिस्त', 'माजलेले', 'कुणाचा धाक उरला नाही' हे सगळं काढून टाका. अर्जावर तुमच्या एकटीची सही नको. सोसायटीच्या लेटरहेडवर, शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सह्या घेऊन, एक प्रत वाहतूक शाखेला आणि एक महापालिकेच्या प्रभाग समितीला. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज केला काय आणि न केला काय.

रस्त्यावर तोंडातून शब्द निघतोच, हे मला मान्य आहे. निघू दे. "अहो, उलटं!" एवढं म्हणून पुढे व्हा. थांबायचं नाही, वाद घालायचा नाही, शिकवायचं तर अजिबात नाही. ज्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही त्याला धडा शिकवण्यात काहीही हशील नसतं.

तिसरी गोष्ट तुम्ही किरकोळ समजून मध्येच लिहून टाकली आहे, मी ती वरच्या यादीत नेतेय: गेटच्या तोंडाशी लावलेली गाडी. तुम्हाला चिडचिड होते ती वळसा घालून आत जावं लागतं म्हणून. तेवढंच असतं तर सोडून द्या म्हटलं असतं. पण रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि ॲम्ब्युलन्स त्या गाडीमागे अडकली तर? अग्निशमन दलाचा बंब तर गल्लीच्या टोकालाच राहील. महाराष्ट्रात आगप्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकांची आणि राहणाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि तसं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. तुमच्या सेक्रेटरींना हे माहीत असतंच, त्यांच्यामागे ती कटकट असते. म्हणून तुमची तक्रार 'पार्किंग' या नावाने करू नका. पार्किंग म्हटलं की आपल्या सोसायट्यांत महायुद्ध सुरू होतं: कुणाला स्टिल्ट मिळालं, कुणाला उघड्यावर, कुणाचा पाहुणा कुठे. 'बंब आणि ॲम्ब्युलन्सचा रस्ता' या नावाने सर्वसाधारण सभेत विषय मांडा. पिवळे पट्टे, पाटी, आणि तिथे उभ्या गाडीला जॅमर. जॅमरचा ठराव मंजूर करून घेतलात की तुम्हाला एक अक्षरही बोलावं लागणार नाही.

रात्री बाराचे सुतळी बॉम्ब. हे दोन्ही याद्यांच्या मधलं आहे, पण नियम इतका स्वच्छ आहे की वादाला जागाच नाही. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच ते सांगितलं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सुतळी बॉम्बपुढे हा आकडा उच्चारायलाही हसू येतं. यात तुमच्या शहराचा इतिहास तुमच्या बाजूने आहे. ठाण्यातल्याच डॉ. महेश बेडेकर यांनी ध्वनिप्रदूषणाचं भांडण मुंबई उच्च न्यायालयात नेलं, आणि ऑगस्ट २०१६ च्या निकालात न्यायालयाने लाउडस्पीकर लावणं हा कुणाचाही मूलभूत हक्क होत नाही असं बजावलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने भोंग्यांच्या एका प्रकरणात पोलिसांना सांगितलं की तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता कारवाई करा. हे तुमच्या कामाचं आहे. बारा वाजून पाच मिनिटांनी गच्चीवर जाऊन पोरांशी हुज्जत घालू नका, ११२ ला फोन करा. नाव गुप्त ठेवा असं सांगा.

तरीही पोलीस हा दुसरा मार्ग. पहिला मार्ग वाढदिवसाच्या आधी असतो. तुमच्या सोसायटीत फटाके वाजवणारी टोळी एकच असणार, आणि त्यातल्या एखाद्याच्या आईशी तुमचं बरं असणार. "केक कापा, गाणी म्हणा, दहाच्या आत काय वाजवायचं ते वाजवा, पण बाराला नको, सासूबाईंची झोप उडते ती सकाळपर्यंत लागत नाही." अठरा-वीस वर्षांची मुलं आपण समजतो तितकी कोडगी नसतात. आपल्या आवाजाने एका ठराविक म्हातारीची झोप जाते, हे त्यांना खरोखर कुणी सांगितलेलं नसतं. 'रहिवाशांना त्रास होतो' या वाक्यात कुणाचाच चेहरा नाही. सासूबाईंना चेहरा आहे, आणि मुलं त्यांना ओळखतात.

आता दुसरी यादी. ही भराभर संपवू.

लोकलमधली रील्स बघणारी बाई: एकदा, हळू आवाजात, तिच्याकडे बघून हसत विचारायचं, "इअरफोन नाहीत का आणलेत आज?" सातआठ जणी आवाज कमी करतात. नववी करत नाही. तिच्यासाठी तुम्हीच तुमचे इअरफोन बाळगा. 'संस्कार', 'मॅनर्स', 'आपण कुठे बसलोय' हे शब्द डब्यात काढायचे नाहीत. एक तर सीएसएमटीपर्यंत तास काढायचाय, आणि दुसरं म्हणजे त्या शब्दांनंतर आवाज हमखास वाढतो. तुमच्याच डब्यात भजनी मंडळ असेल तर त्यांचं काय करायचं, असा प्रश्न मला कृपया विचारू नका.

कुंड्यांचं पाणी: वरच्या वहिनींना तुमचे कपडे दिसत नाहीत. त्यांना कठडा दिसतो आणि तुळस दिसते. "वहिनी, किती वाजता पाणी घालता? मी त्यानंतर कपडे वाळत घालते, किंवा तुम्ही कुंड्यांखाली ताटल्या ठेवा." ताटल्या हव्या असतील तर दोन तुम्हीच नेऊन द्या, शंभर-दोनशे रुपयांत प्रश्न मिटतो. नाहीच मिटला तर दोर अर्धा फूट आत घ्या आणि विषय सोडा. वरच्या वहिनी तुमच्या आयुष्यात उलट्या स्कूटरवाल्यापेक्षा फार जास्त काळ राहणार आहेत, आणि तुम्ही फोर्टात असताना सासूबाईंना काही झालं तर सगळ्यात आधी त्याच धावत खाली येतील.

आणि ओघात एक आगाऊपणा करते. तुम्ही सातला घरातून निघता म्हणजे स्वयंपाक पहाटे होतो. मिक्सर किती वाजता फिरतो? खालच्या मजल्यावर कुणी तान्हं बाळ, कुणी रात्रपाळीचा माणूस? त्यांनी अजून कुणाला पत्र लिहिलेलं नाही म्हणून विचारलं. चटणी रात्रीच वाटून ठेवता येते.

'हेडबाई'चं काय करायचं? टोपणनाव पुसता येत नाही, पण ते जुनं होऊ शकतं. महिनाभर ग्रुपवर एकही तक्रार टाकू नका. पूर्ण महिना. लोकांना चुकचुकल्यासारखं होईल. या काळात वरच्या यादीतल्या तीन गोष्टींसाठी माणसं जोडा. गेटजवळच्या गाड्यांचा त्रास व्हीलचेअरवरच्या आजोबांच्या घराला होतोच. उलट्या स्कूटरची भीती शाळेच्या बससाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आईला आहे. त्या तुमच्याआधीपासून मनात बोलताहेत. अर्ज त्यांच्याकडून जाऊ दे, ठराव त्यांच्यापैकी कुणीतरी मांडू दे, तुम्ही अनुमोदन द्या. तुमचं म्हणणं तुमच्याच तोंडून गेलं पाहिजे, हा हट्ट सोडलात तर निम्मं काम झालं. हे तुम्हाला जड जाईल असं पत्रावरून वाटतं.

मुलीला सांगा, व्हायरल होण्याची भीती रास्त आहे, म्हणूनच चावीला आता हात लावणार नाही.

राहता राहिला जिना. तिथे काही सोसायट्या करतात तसं देवादिकांच्या टाइल्स लावायचा प्रस्ताव कुणीतरी आणेलच. त्याला माझा विरोध आहे. थुंकणारा दोन पायऱ्या वर जाऊन थुंकतो, आणि देवाला आपण विनाकारण वॉचमनच्या कामाला लावतो. त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात झालेला एक प्रयोग ऐका. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका बोळात उभ्या केलेल्या सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवले आणि लोक त्यांचं काय करतात ते पाहिलं. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद तिथेच टाकला. भिंतीवर रेघोट्या मारून ठेवल्या तेव्हा ६९ टक्क्यांनी. बोळ तोच होता, आणि कचरापेटी दोन्ही वेळा नव्हती. जिन्यातल्या प्रत्येक लाल डागाने पुढच्या थुंकणाऱ्याला परवानगी दिलेली असते. तेव्हा कमिटीकडून तो कोपरा घासून, पांढरा रंगवून घ्या, वर भगभगीत दिवा लावा, आणि पहिली पिचकारी पडली की त्याच दिवशी पुसली जाईल एवढी सफाईवाल्या मावशींची सोय करा. मावशींना त्याचे वेगळे पैसे द्यायचे, हे ठरावातच लिहून घ्या, नाहीतर दोन महिन्यांनी ते काम फुकटात त्यांच्या गळ्यात पडेल.